नेमणुकीचा कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. तिथे ४० फुटांना इशारा मानतात आणि ४५ फुटांना धोका. शहराच्या पेठा आणि नदीकाठची गावे कित्येक दिवस पाण्याखाली होती. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. त्याच महिन्यात राज्य शासनाने जलसंपदा विभागाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. मे २०२० मध्ये समितीचा अहवाल तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांच्या हाती आला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे हा पूर आला असे म्हणता येत नाही, हा त्यातला निष्कर्ष सर्वांत जास्त गाजला. सांगली-कोल्हापुरात तो अनेकांना मान्य नव्हता, आजही नाही. अलमट्टीची उंची वाढवण्याचा विषय निघाला की दोन्ही बाजूंकडून हा अहवाल पुढे केला जातो, एकीकडून आधार म्हणून आणि दुसरीकडून अडचण म्हणून.

निष्कर्षावर वाद होणारच, आणि तो व्हावा. पण आपण वाद घालतो तो समितीच्या शेवटच्या कागदावर. तिचा पहिला कागद, म्हणजे ती नेमणारा शासन निर्णय, क्वचितच कोणी वाचतो. समितीत कोण बसणार, तिला नेमके काय विचारले आहे, तिच्यापुढे माहिती कोण ठेवणार, मुदत किती, अहवाल कोणाला द्यायचा, हे सगळे त्या दोन-तीन पानांत ठरलेले असते. सातारा-सांगली भागाला समित्यांचा मोठा इतिहास आहे. धरणे, कालवे, जंगल, पंचायत राज्य, पूर, प्रत्येक विषयावर इथे समिती आली किंवा इथल्या माणसाने ती चालवली. त्या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. सल्ला घेण्याची आपली पद्धत माणसांच्या भरवशावर चालते, नियमाच्या भरवशावर नाही, आणि याची किंमत हा भाग मोजत आला आहे.

आधी तो कागद पाहू. शासन निर्णयाची घडण ठरलेली असते. वर विभागाचे नाव, क्रमांक आणि तारीख. मग 'वाचा' या शब्दाखाली आधीचे संबंधित आदेश, त्यानंतर प्रस्तावना, आणि मग प्रत्यक्ष निर्णय. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ आणि उपसचिव किंवा अवर सचिवाची स्वाक्षरी. ही ओळ राज्यघटनेच्या कलम १६६ मुळे येते, कारण शासनाची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्हावी लागते. समिती नेमण्याचा अधिकार कलम १६२ मधल्या कार्यकारी अधिकारातून येतो. ज्या विषयावर विधिमंडळ कायदा करू शकते, त्या विषयावर शासन आदेशही काढू शकते. म्हणून समिती नेमायला विधानसभेत ठराव लागत नाही. विभागाचा प्रस्ताव, मंत्र्यांची मान्यता, खर्च असेल तर वित्त विभागाची सहमती, एवढ्यावर समिती उभी राहते. जशी उभी राहते तशी आदेशाने बरखास्तही होते.

सल्लागार समित्यांच्या रचनेसाठी सगळ्या विभागांना लागू होईल असा एकच कायदा आपल्याकडे राज्यातही नाही आणि केंद्रातही नाही. काही समित्या विशिष्ट कायद्याने बांधलेल्या असतात, त्यांच्याकडे पुढे येतो. चौकशी आयोगाची गोष्ट वेगळी. तो १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली नेमला असेल, तर त्याचा अहवाल आल्यापासून ६ महिन्यांच्या आत, काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सभागृहापुढे ठेवावा लागतो. कलम ३ चे पोटकलम ४ तसे सांगते. साध्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीच्या बाबतीत असे कोणतेही बंधन नाही. नाव 'उच्चस्तरीय' असले तरी नाही. एखादी दुर्घटना झाली की 'चौकशी आयोग नेमा' अशी मागणी होते आणि 'समिती नेमली आहे' असे उत्तर मिळते. या दोन शब्दांत हा सहा महिन्यांचा फरक दडलेला आहे, तो मागणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवला पाहिजे.

कागदातला सर्वांत वजनदार भाग म्हणजे कार्यकक्षा. पुराचेच उदाहरण घ्या. 'पूर का आला' असे विचारले तर उत्तरात पाऊस, नदीची वळणे, पूल, भराव, धरणे असे सगळे येईल. 'अलमट्टी धरण आणि कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा यांमुळे पूर वाढला का' असे विचारले तर उत्तर हो किंवा नाही याच्या आसपास राहील. 'कोयना, वारणा, राधानगरी या धरणांतून कोणत्या तासाला किती पाणी सोडले आणि तो निर्णय कसा झाला' असे विचारले तर आपल्याच यंत्रणेच्या नोंदी उघडाव्या लागतील. आणि 'पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कोणी दिली' असे विचारले तर महापालिकेपासून नगरविकास विभागापर्यंत सगळे उत्तरदायी होतील. नदी तीच आणि पूरही तोच, पण या चार प्रश्नांचे चार वेगळे अहवाल निघतील, आणि त्यासाठी माणसेही वेगळी लागतील. जलशास्त्राचा अभ्यासक बांधकाम परवान्यांची छाननी करू शकणार नाही. म्हणून कार्यकक्षेचा मसुदा लोकांपुढे ठेवून, हरकती मागवून, मग समिती नेमावी असे माझे मत आहे. त्याला आठ-पंधरा दिवस लागतील. पुढची कित्येक वर्षे 'हे विचारलेच नव्हते' असे ऐकण्यापेक्षा ते परवडेल.

कार्यकक्षेनंतर येतात माणसे. अध्यक्ष, शासकीय सदस्य, अशासकीय सदस्य, पदसिद्ध सदस्य, विशेष निमंत्रित, आणि यादीच्या अगदी तळाला सदस्य सचिव. वाचणाऱ्याची नजर अध्यक्षाच्या नावावर थांबते. माझा अनुभव असा की नजर तळाकडे न्यावी. बैठक बोलावणे, विषयपत्रिका काढणे, माहिती मागवणे, इतिवृत्त लिहिणे आणि बहुतेक वेळा अहवालाचा पहिला खर्डा करणे हे सदस्य सचिवाचे काम. तो बहुधा त्याच विभागाचा अधिकारी असतो, ज्याच्या कारभारावर सल्ला हवा असतो. अशा अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. पण आपल्याच वरिष्ठांच्या निर्णयांची कागदपत्रे समितीपुढे मांडायची जबाबदारी त्याच्यावर टाकणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. सचिव दुसऱ्या विभागाचा असावा, किंवा समितीला स्वतःचे छोटे कार्यालय असावे. वाईचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ शासनानेच नेमले. मंडळाने हाती घेतलेल्या मराठी विश्वकोशाच्या कामाला वाईत जागा, संपादक वर्ग आणि ग्रंथालय मिळाले, म्हणून ते काम अध्यक्ष बदलत गेले तरी दशकानुदशके चालू राहिले. मंडळ आणि समिती यांत फरक आहे हे खरे, पण काम करणाऱ्याला बसायला जागा आणि हाताखाली माणूस लागतो, हे दोघांनाही सारखेच लागू आहे.

अशासकीय सदस्याला वेतन मिळत नाही, फक्त बैठक भत्ता आणि प्रवास भत्ता मिळतो. लोकप्रतिनिधींच्या बाबतीत यामागे कायद्याचे कारण आहे. खासदार-आमदारांना शासनाकडून लाभाचे पद घेता येत नाही. संसदेच्या १९५९ च्या अपात्रता प्रतिबंध अधिनियमाने सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर सल्ला देणाऱ्या तात्पुरत्या समितीचे सदस्यत्व त्यातून वगळले आहे, पण अट अशी की भरपाई म्हणून मिळणाऱ्या भत्त्याशिवाय दुसरे काही घेता कामा नये. आमदारांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. लोकप्रतिनिधीला ही अट योग्यच. जतच्या शेतकऱ्याला मात्र मंत्रालयातल्या बैठकीसाठी दोन दिवस मोडावे लागतात आणि भत्त्याचे बिल महिनोन्‌महिने निघत नाही. मग अशासकीय सदस्यांच्या जागा ज्यांना वेळ आणि पैसा दोन्ही परवडतो, त्यांच्याकडेच जातात.

आता इतिहासाकडे. सातारा आणि सांगली हा १९४९ पर्यंत बराचसा एकच मुलूख होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यशवंतराव चव्हाण जन्मले देवराष्ट्र्यात, जे आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि वाढले कऱ्हाडला, जे साताऱ्यात आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, २७ जून १९६० रोजी, त्यांनी लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते तेव्हाचे महसूल मंत्री वसंतराव नाईक. समितीने १५ मार्च १९६१ रोजी २२६ शिफारशींचा अहवाल दिला. त्याच वर्षी जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नेमणुकीपासून अंमलबजावणीपर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत.

हे कसे जमले? समितीला 'विकेंद्रीकरण करावे का' असे विचारलेले नव्हते. ते करायचे ठरलेच होते, ते कोणत्या रचनेने करायचे एवढाच प्रश्न होता. समितीत मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी होते, म्हणजे शिफारस करणारेच उद्या अंमल करणार होते. याच समितीने बलवंतराय मेहता समितीपेक्षा वेगळी वाट धरली. मेहता समितीने १९५७ मध्ये गट पातळीवरच्या पंचायत समितीला मध्यवर्ती मानले होते, नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट केली, जिल्हाधिकाऱ्याला तिच्या बाहेर ठेवले आणि तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळा दिला. आजही आपल्या जिल्ह्यांची रचना तीच आहे. आणखी एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या मुख्यमंत्र्याने समिती नेमली, त्याच मुख्यमंत्र्याने अहवाल घेतला आणि त्यानेच कायदा केला.

नाईक समितीच्या नेमणुकीनंतर चोवीस वर्षांनी, १८ जून १९८४ रोजी, पंचायत राज्याचे मूल्यमापन करायला आणखी एक समिती नेमली गेली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, सांगलीचे. अध्यक्ष प्राचार्य पी. बी. पाटील, तेही सांगलीचे, शांतिनिकेतन संस्था उभी करणारे शिक्षक. अभ्यासू, लोकांत वावरलेला, मंत्रिमंडळाबाहेरचा अध्यक्ष. समितीने १८४ शिफारशी केल्या. त्यांतली एक अशी की आमदार-खासदारांना जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत स्थान असू नये. एवढे स्पष्ट बोलणे मंत्र्यांच्या समितीला अवघड गेले असते. पण जून १९८६ मध्ये अहवाल आला तेव्हा वसंतदादा पदावर नव्हते. मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर येऊन गेले होते आणि मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. ज्याने विचारले तो निघून गेला होता, आणि नव्या माणसाने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे असा नियम नव्हता. पंचायत राज्याला घटनेचा आधार मिळायला २४ एप्रिल १९९३ उजाडला, तो ७३ व्या घटनादुरुस्तीने.

हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. वडनेरे समिती देवेंद्र फडणवीस यांच्या शासनाने नेमली, अहवाल उद्धव ठाकरे यांच्या शासनाला मिळाला. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला गेला मार्च २०१० मध्ये, तेव्हा केंद्रात पर्यावरण मंत्री जयराम रमेश होते. अहवाल दिला गेला ३१ ऑगस्ट २०११ रोजी, त्याआधी सुमारे दीड महिना मंत्रिपद जयंती नटराजन यांच्याकडे गेले होते. लोकशाहीत माणसे बदलतात, बदललीच पाहिजेत. म्हणूनच सल्ल्याला उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यावर नको, शासनावर हवे. आणि ते लेखी हवे.

गाडगीळ गटाची कहाणी आपल्या भागाने नीट ऐकली पाहिजे, कारण महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा हा सगळा सह्याद्रीचा पट्टा त्यात येतो. गटापुढचे काम मोठे होते. घाटाची सद्यस्थिती तपासणे, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग ठरवणे, आणि घाटासाठी स्वतंत्र प्राधिकरण कसे असावे ते सुचवणे. पुढे त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाणींसारखे वादाचे विषयही जोडले गेले. अहवाल मंत्रालयात पोहोचला आणि तिथेच राहिला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, मंत्रालयाने नकार दिला. अहवाल अजून विचाराधीन आहे आणि तो उघड केल्याने राज्याच्या हिताला बाधा येईल, असे कारण दिले गेले. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो देण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथेही मे २०१२ मध्ये हरले, आणि मगच अहवाल संकेतस्थळावर आला. जवळपास नऊ महिने ज्यांच्या जमिनीबद्दल आणि डोंगरांबद्दल तो होता, त्यांनाच तो दिसला नाही. त्या काळात 'गाडगीळ आला तर घराला कौल बदलता येणार नाही' इथपर्यंत अफवा गावागावांत पोहोचल्या. अहवाल समोर नसताना लोकांनी अफवांवर विश्वास ठेवला, यात लोकांचा दोष मला दिसत नाही.

खुद्द गाडगीळ गटाचे म्हणणे होते की क्षेत्रांच्या सीमा ग्रामसभांपर्यंत चर्चा नेऊन पक्क्या कराव्यात. तसे झाले नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये या अहवालाचा विचार करण्यासाठी के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला, त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला, आणि २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघू लागले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. प्रत्येक मसुद्याबरोबर जावळी-पाटणच्या गावांत तीच चिंता नव्याने सुरू होते. एका समितीचा सल्ला तपासायला दुसरी समिती नेमणे गैर नाही. पण पहिलीच्या कोणत्या शिफारशी का नाकारल्या, हे दुसरी नेमणाऱ्याने आधी लेखी सांगितले पाहिजे.

आता कायद्याने बांधलेल्या समित्यांकडे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३३ ख आले. प्रत्येक अभयारण्यासाठी राज्य शासनाने सल्लागार समिती नेमलीच पाहिजे असे ते सांगते, आणि तिच्या खुर्च्याही मोजून देते. अध्यक्ष मुख्य वन्यजीव रक्षक किंवा वनसंरक्षकाच्या दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी. त्या मतदारसंघाचा आमदार. पंचायत राज संस्थांचे ३ प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे २, आणि वन्यजीव संरक्षणात काम करणाऱ्या ३ व्यक्ती. अभयारण्यात आणि आसपास राहणाऱ्या लोकांच्या सहभागाबद्दल सल्ला देणे हेही तिचे काम. म्हणजे कोयना अभयारण्याच्या काठावर, बामणोलीच्या बाजूला किंवा कांदाटी खोऱ्यात राहणाऱ्यांना आपले ३ प्रतिनिधी कोण हे विचारण्याचा हक्क आहे. ज्या गावांनी आधी धरणासाठी आणि नंतर जंगलासाठी जमीन सोडली, त्यांच्यासाठी या ३ खुर्च्या मोठ्या आहेत. उणीव अशी की बैठका किती घ्याव्यात हे कलमात नाही. गणपूर्तीसह कामकाजाची पद्धत समितीनेच ठरवायची आहे.

पण सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला 'सल्लागार समिती' हे दोन शब्द ऐकू आले की त्याच्या मनात एकच समिती येते, कालवा सल्लागार समिती. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे यावरून पुढच्या वर्षभराचे नियोजन होते. पिण्यासाठी किती राखायचे, उद्योगाला किती, शेतीला किती, रब्बीत आवर्तने किती आणि उन्हाळ्यात किती. हा तक्ता अभियंते तयार करतात आणि समितीपुढे ठेवतात. समितीत मंत्री, लाभक्षेत्रातले आमदार-खासदार आणि पाणीवापर संस्थांचे प्रतिनिधी बसतात. सचिव अभियंता असतो. कागदोपत्री समिती सल्ला देते, पाणी सोडण्याचा कायदेशीर अधिकार पाटबंधारे कायद्याने कालवा अधिकाऱ्याला दिलेला आहे. प्रत्यक्षात समितीत ठरले तेच होते, आणि शेतकऱ्याला ते वर्तमानपत्रातून कळते. पहिली पाळी कधी, पाणी टेलपर्यंत जाणार की वरच्याच चाऱ्यांवर संपणार, यावर त्याने गहू-हरभरा करायचा की शाळू, हे अवलंबून असते.

या समितीची रचना किती नाजूक आहे ते कोयनेवरून कळते. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातले ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाच्या निवाड्याप्रमाणे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवता येते. उरलेले पूर्वेला. त्यातूनच कृष्णेत सोडलेल्या पाण्यावर ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना चालतात. टेंभूचे पाणी कऱ्हाडजवळ उचलून खानापूर-आटपाडीकडे जाते, म्हैसाळचे मिरज तालुक्यातून कवठेमहांकाळ-जतकडे. धरण साताऱ्यात आणि तहान सांगलीत. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला आणि कोयनेतून सांगलीसाठी किती पाणी सोडायचे यावरून दोन जिल्ह्यांत जाहीर वाद झाला. दोन्हीकडच्या नेत्यांना मी दोष देणार नाही, आपापल्या लोकांसाठी भांडणे त्यांचे कामच आहे. दोष रचनेचा आहे. धरणावरची समिती एका जिल्ह्याची, वाट पाहणारा शेतकरी दुसऱ्या जिल्ह्याचा, आणि टंचाईच्या वर्षी कोणाला आधी हे कोणत्याही कागदात आकड्यांत लिहिलेले नाही. उपसा योजनांच्या वीजबिलाचे सूत्र आपण ठरवू शकलो, ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी. तसेच टंचाईच्या वर्षाचे सूत्र का ठरू नये? साठा अमुक टक्क्यांखाली गेला तर कपात प्रत्येकाला किती, हे आधीच लिहून ठेवले तर समितीत भांडण राहणार नाही, हिशेब राहील. समन्यायी पाणीवाटपाची मागणी याच मातीत, आटपाडी-खानापूरच्या पाणी परिषदांतून आणि बळीराजा धरणाच्या लढ्यातून, पुढे आली. ते लोक याहून वेगळे काही मागत नव्हते.

समिती अस्तित्वात असूनही तिला न विचारता निर्णय होतो, याचे ताजे उदाहरण भाषेचे आहे. राज्याला भाषा सल्लागार समिती आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपल्या समितीला विचारले नसल्याचे सांगितले. लोकांचा विरोध वाढला. जूनच्या अखेरीस शासनाने या विषयावरचे निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली. विषय समितीच्या अखत्यारीतला असेल तर निर्णयाआधी तिचे मत घेतले पाहिजे, एवढी एक ओळ तिच्या नेमणुकीच्या कागदात असती तर हे अडीच महिने वाचले असते.

इतर देशांनी यावर काय केले? अमेरिकेने १९७२ मध्ये संघीय सल्लागार समित्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. समितीला काम सुरू करण्याआधी लेखी सनद दाखल करावी लागते. सदस्यांत वेगवेगळ्या मतांचा समतोल हवा. बैठकीची सूचना आधी प्रसिद्ध करावी लागते, बैठक सामान्यतः लोकांना खुली असते, इतिवृत्त ठेवावे लागते. दोन वर्षांनी मुदत आपोआप संपते, पुढे चालवायची असेल तर पुन्हा कारण द्यावे लागते. तिथेही पळवाटा काढल्या जातात, उपगट नेमून बंद दाराआड काम होते. तरीही नागरिकाला न्यायालयात बोट ठेवायला एक कायदा आहे.

आपल्याकडे तसा कायदा नाही, पण एक कलम आहे आणि ते फार कमी वापरले जाते. माहिती अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४(१)(ख)(आठ). प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, सल्ला देण्यासाठी नेमलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींच्या सर्व मंडळांची, परिषदांची, समित्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करावी. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त लोकांना मिळते का, तेही सांगावे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता. जलसंपदा, वन, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, सगळ्यांना हे लागू आहे. हे कलम मनापासून पाळले तर नव्या कायद्याची निम्मी गरज उरणार नाही. उरलेल्या निम्म्यासाठी राज्याने दोन नियम करावेत. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत तो मराठीत संकेतस्थळावर यावा. आणि ६ महिन्यांत प्रत्येक शिफारशीपुढे स्वीकारली, नाकारली किंवा विचाराधीन असे कारणासह लिहून ते विधिमंडळापुढे ठेवावे. चौकशी आयोगाला हे लागू आहेच, समितीला का नसावे?

हे नियम होईपर्यंत हाती असलेले साधन वापरावे. आपल्या तालुक्याला लागू असलेली एक समिती निवडा. कालव्याची घ्या, अभयारण्याची घ्या, पुराची घ्या. संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. त्यात समिती नेमणारा शासन निर्णय, मुदतवाढीचे आदेश, गेल्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते, अशासकीय सदस्यांची यादी आणि अहवाल आला असेल तर त्यावरची कार्यवाही, एवढे मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आलेले कागद ग्रामसभेत वाचून दाखवा. जतच्या किंवा जावळीच्या एका ग्रामसभेने हे केले, तर पुढची समिती नेमताना मंत्रालयातला कक्ष अधिकारी तो दोन पानांचा कागद जास्त काळजीने लिहील.